उरलेल्या रंगाचं स्वयंपाकघर

माझं लहानपण ट्रकच्या रंगात गेलं आणि संसार होडीच्या रंगात. मी काही सजवून बोलत नाहीये. खरोखरच्या, डब्यातल्या, बुडाशी उरलेल्या ऑइल पेंटबद्दल बोलतेय.

माझे वडील अच्छाडच्या नाक्याजवळ ट्रक रंगवायचे. हायवेला लागून एका ढाब्याच्या मागे त्यांची पत्र्याची शेड होती. ट्रकला लावून जो रंग उरायचा तो संध्याकाळी घरी यायचा, आणि घरात जे उघडं लाकूड किंवा पत्रा दिसेल त्याला लागायचा. तलासरीच्या आमच्या घराचं दार भगवं होतं, खिडक्या पोपटी, आणि पाण्याच्या पिंपावर कमळ काढलेलं होतं. संडासाचं दार तर एका मोडीत निघालेल्या ट्रकच्या मागच्या फळ्यांचंच होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘फिर मिलेंगे’ लिहिलेलं होतं. पाहुणे ते वाचत आत जायचे आणि बाहेर आल्यावर आमच्या नजरेला नजर देत नसत.

मूळचे आम्हीही किनाऱ्याकडचेच, त्यामुळे माझं लग्न ठरलं ते चिंचणीत, होडीवाल्यांच्या घरी. मला वाटलं, सुटले बाई त्या भगव्या-पोपट्यातून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चहा करायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. ओट्याखालची कपाटं गडद निळी होती. फडताळ निळं, पाट निळा, आणि पोळपाटाचे पायसुद्धा निळे. ‘होडीचा उरलेला रंग,’ नवऱ्यानं अभिमानानं सांगितलं.

आमच्याकडे ही रीतच आहे. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेच्या आत त्यांना नवा रंग लागतो. डब्यात उरतो तो कुणी टाकत नाही, घरी आणतो. त्यामुळे आमच्या आळीत कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. ज्याची होडी हिरवी त्याचं न्हाणीघर हिरवं, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि दर काही वर्षांनी सासऱ्यांच्या मनात यायचं की होडीचा रंग बदलावा. ते मला विचारून बदलत नसत हे उघड आहे. निळ्यानंतर पोपटी आला. पोपटीनंतर पिवळा. मग एकदा लाल आला, आणि तेव्हा मला गॅस चालू आहे की बंद तेच कळेना, सगळीकडे जाळच दिसायचा. ‘बाबा, यंदा जरा फिका घ्या ना,’ असं मी एकदा भीत भीत म्हटलंही होतं. सासरे म्हणाले, ‘अगं पोरी, फिकी होडी धुक्यात दिसायची नाही.’ माझं स्वयंपाकघर धुक्यातून लांबून ओळखू येण्याइतकं तयार होतं.

बरं, कपाटंही साधी नव्हती. सासऱ्यांनी ती होडी बांधणाऱ्या सुताराकडून करून घेतली होती, होडीच्याच राहिलेल्या फळ्यांतून. त्या सुतारानं जन्मात कधी सरळ फळी बसवली नव्हती आणि आमच्यासाठी तो सवय मोडणार नव्हता. दारं मधोमध फुगलेली होती. उजवीकडचं दार उघडलं की डावीकडचं आपोआप उघडायचं. पण लाकूड असं की इतकी वर्षं झाली तरी वाळवीनं तोंड लावलं नाही.

मग होडी विकली. सासऱ्यांचे गुडघे गेले होते, आणि माझा नवरा तारापूरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. समुद्र त्याला रविवारी आणि तोही पाठमोराच बरा वाटतो. सासऱ्यांच्या पुतण्यानं होडी घेतली, म्हणजे घरातच राहिली म्हणायची. पण त्या दिवसापासून सासरे किनाऱ्यावर गेले नाहीत. बाजारात जायचं तर सरळ वाळूवरून पाच मिनिटांचा रस्ता आहे, तो सोडून हे शाळेला वळसा घालून जायचे. घरी आले की पडवीत समुद्राकडे पाठ करून बसायचे. कुणी हवेचा विषय काढला तरी उठून आत जायचे. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. पण खोटं कशाला बोलू, होडी विकली म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की यंदा उरलेला रंग येणार नाही.

बोईसरला माझी नणंद राहते. तिच्याकडे मॉड्युलर किचन आहे. ड्रॉवर असे, की बोटानं ढकलले तरी जावयासारखे हळूच आत जातात. मला ते काही नको होतं. मला फक्त एकदा, आयुष्यात एकदाच, दुकानात जाऊन बोटानं दाखवून ‘हा रंग द्या’ असं म्हणायचं होतं. कुणाच्या ट्रकचा नाही, कुणाच्या होडीचा नाही, माझा. मी नवऱ्याला तसं सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, ‘आहे तो काय वाईट आहे?’ आणि लाल कपाटाकडे न बघताच पुन्हा भात कालवायला लागला. मी ती परवानगी समजले.

मे महिन्यात मी डहाणूला गेले. स्टेशनजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात शेड कार्ड मागितलं आणि स्टुलावर बसून साड्या बघाव्यात तशी बघत बसले. मला क्रीम हवा होता. साधा, सायीचा रंग. दुकानदार मान हलवून म्हणाला, ‘बेन, किचनमां आ कलर मेलो थई जशे. चॉकलेटी घ्या, मळलेलं काही दिसणार नाही.’ मी म्हटलं, ‘भाऊ, मला दिसायलाच हवंय.’ त्यानं मुकाट्यानं डबा काढून दिला. बसमध्ये मी तो मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, ‘काय, तूप का?’ मी हो म्हटलं.

आता मी रंगाऱ्याची मुलगी आहे, मला कामाची पद्धत माहीत आहे. दारं काढायची, पॉलिश पेपरनं घासायची, भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. मी दारं काढून अंगणात आणली आणि डोक्याला फडकं बांधून घासायला बसले. लाल निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पोपटी. अंगणात रंगपंचमी झाली. आणि पडवीत पाठ करून बसलेले सासरे, ज्यांनी कित्येक महिने कशात लक्ष घातलं नव्हतं, ते खुर्ची ओढत ओढत जवळ आले.

‘थांब,’ ते म्हणाले. ‘तो पिवळा आहे ना, त्या साली पापलेट एवढं लागलं, की बर्फ कमी पडला.’

‘हो का,’ मी म्हटलं आणि घासत राहिले.

‘अगं थांब ना! त्या पोपट्याच्या वेळी इंजिन बदललेलं. हळू घास.’

‘बाबा, हळू घासलं तर माझी पंचाहत्तरी इथेच होईल.’

‘घासतात का असं? दाराचं सालटं काढशील. आण इकडे.’ आणि त्यांनी माझ्या हातातून पेपर काढूनच घेतला. गुडघ्यांमुळे जिना न चढणारा माणूस अंगणात फतकल मारून बसला आणि दार मांडीवर घेऊन घासू लागला. मी त्यांना घासू दिलं. एक तर मदत फुकट मिळत होती, आणि दुसरं म्हणजे ते गुणगुणत होते. मी चहा टाकायला आत गेले. माझी अक्कल तिथेच गहाण पडली.

दुसऱ्या दिवशी मला तलासरीला माहेरी जायचं होतं, भाचीचा साखरपुडा होता. निघताना मी बजावून सांगितलं, ‘बाबा, दारं घासून तयार आहेत. कुणी हात लावायचा नाही. मी आले की प्रायमर मारते.’ ते म्हणाले, ‘जा गं निवांत, मी आहे ना.’ त्या ‘मी आहे ना’मध्ये काय काय होतं ते मला परत आल्यावर कळलं.

संध्याकाळी रिक्षा आळीच्या तोंडाशी सोडली तेव्हाच काहीतरी विचित्र वाटलं. मांजरं. आधी दोन-चार दिसली, मग घराच्या जवळ येऊ लागले तशी कुंपणावर, तुळशीकट्ट्यावर, न्हाणीच्या पत्र्यावर, जिथे तिथे मांजरं. चिंचणीत मांजरांना काय तोटा? पण ही सगळी एकाच दिशेला तोंड करून बसली होती, भजनाला बसावीत तशी. अंगणात माझी दारं ओळीनं भिंतीला टेकवून उभी होती आणि लखलख चमकत होती. आणि वास! मी मासे खाणाऱ्या घरातली बाई, सुके बोंबील उशाला घेऊन झोपेन, पण त्या वासानं माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

‘बाबा, हे काय केलंत?’

‘तेल पाजलं,’ सासरे आनंदानं म्हणाले. हातात एक काळाकुट्ट कॅन होता. ‘मुशीचं. जुनं आहे, अस्सल. आता मिळत नाही कुठे. मी जपून ठेवलेलं.’

लाकडी होडीला रंगाआधी मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, काळजातून काढलेलं तेल पाजतात, म्हणजे खाऱ्या पाण्यात लाकूड कुजत नाही आणि किडा लागत नाही. होडी महिनोन् महिने समुद्रावर असते, तिचा वास घ्यायला कोण जातंय! माझी कपाटं मात्र साखर, रवा आणि चहा पावडर ठेवायची होती. आणि तेल प्यायलेल्या लाकडावर रंग वाळत नाही, हे रंगाऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला नको होतं. माझा क्रीम रंग, माझा मांडीवर आणलेला डबा, सगळं डोळ्यांपुढे चिकट होऊन बसलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

‘अहो, ही काय होडी आहे का?’ मी ओरडले. ‘माझं कपाट आहे हे! ओट्याखाली बसतं! त्याला कुठला समुद्र लागणार आहे? होडी गेली बाबा, विकली आपण!’

सासऱ्यांनी कॅन खाली ठेवला. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी दारावरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, ‘लाकडाला कुठे माहीत आहे, विकली ते.’

एवढं बोलून ते आत गेले. मी साखरपुड्याच्या साडीत, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन तशीच उभी. रडू येत होतं आणि रागही तेवढाच येत होता, कारण आता मला धड भांडताही येणार नव्हतं. त्यात एका बोक्यानं सरळ येऊन मधलं दार चाटायला सुरुवात केली. मी चप्पल फेकून मारली, ती चुकली आणि तुळशीत जाऊन पडली. नवरा शिफ्टवरून आला, त्यानं एकदा दारांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ‘मी जरा पंप बघून येतो’ म्हणून विहिरीकडे गेला. आमच्या विहिरीवर पंप नाही.

सकाळी उठून बघते तर सासरे माझ्याआधी अंगणात. बादलीत धुण्याचा सोडा कालवलेला, शेजारी चुलीतली राख, हातात नारळाची शेंडी. माझ्याकडे न बघता दार घासत होते. मी दुसरी शेंडी घेतली आणि शेजारी बसले. ते म्हणाले, ‘राख जास्त घे.’ मी म्हटलं, ‘मला कळतं.’ आमचा समेट म्हणजे एवढाच. मग धुवायचं, उन्हात टाकायचं, काठी घेऊन मांजरं हाकलायची, आणि तेल पुन्हा वर आलं की पुन्हा धुवायचं, असं किती दिवस चाललं कोण जाणे. तोवर आमचं स्वयंपाकघर दारांशिवाय उघडं पडलेलं. येणारे-जाणारे डोकावून माझे डबे मोजायचे. ‘केवढा गं साबुदाणा भरून ठेवलायस,’ शेजारची काकू म्हणाली. संसार असा चव्हाट्यावर आला.

शेवटी लाकूड सुकलं. प्रायमर धरला. क्रीमचा डबा मी उघडला आणि पहिला हात मी मारणार हे आधीच जाहीर केलं. सासऱ्यांनी कुरकुर केली नाही, पण मी दोन दारं करेपर्यंत मागे उभे राहून श्वास सोडत होते. मी म्हटलं, ‘घ्या, तुम्ही करा एक.’ त्यांनी ब्रश घेतला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढला. मध्ये उचलला नाही, थेंब सांडला नाही. माझे वडील ट्रकवर कमळ काढायचे तेव्हा असा हात चालायचा. ‘होडीला सांधा दिसला तर लोक हसतात,’ ते म्हणाले. मग उरलेली सगळी दारं त्यांनी केली आणि मी मांजरं सांभाळली. तरी एक पिल्लू ओल्या फडताळावरून चालत गेलंच. सासरे म्हणाले, ‘राहू दे.’ मी राहू दिलं नाही. माझा रंग होता तो.

दारं बसवायच्या आधी त्यांनी नारळ फोडला. होडी पाण्यात ढकलण्याआधी फोडतात तसा, ओट्याच्या कोपऱ्यावर, हळदकुंकू लावून. पाणी रव्याच्या डब्यात गेलं. मी रवा परातीत काढून उन्हात ठेवला.

आणि माझं स्वयंपाकघर क्रीम झालं. काय सांगू! सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून आलं की सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. पहिले काही दिवस मी उगाचच भांडी घासायला रेंगाळायचे. नणंद बोईसरहून मुद्दाम बघायला आली. दारं फुगीर ती फुगीरच, उजवं उघडलं की डावं उघडायचं ते उघडायचंच, पण ती म्हणाली, ‘वहिनी, अगदी हॉटेलसारखं वाटतंय गं!’ मग वाकून साखरेचं कपाट उघडलं, जरा थांबली आणि विचारलं, ‘सुकट भाजलंस का?’ अजूनही पावसाळी हवेत तो वास बाहेर येतो. चहा घेताना पाहुणे एकदा कपाकडे बघतात.

आषाढात एके दिवशी सासरे ओट्याशी येऊन उभे राहिले. ‘तो रंग उरलाय का?’

डबा मी माळ्यावर ठेवला होता, कुठे खरचटलं तर लावायला. ‘थोडा आहे. कशाला?’

‘हवाय.’

मला वाटलं, खाटेला लावणार असतील. नाहीतर न्हाणीच्या दाराला. मनातून नको वाटत होतं, पण इतकी वर्षं त्यांचा उरलेला मी वापरला, एकदा माझा त्यांनी मागितला तर नाही कसं म्हणू? डबा काढून दिला. ते ब्रश आणि डबा पिशवीत घालून बाहेर पडले. संध्याकाळी परत आले तेव्हा नखांत क्रीम रंग होता आणि चपलेत वाळू होती. खाट होती तशीच होती. मी वाळूकडे बघितलं आणि केरसुणी घेतली.

नारळी पौर्णिमेला आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. सासरेही आले, शाळेचा वळसा न घेता, सरळ. पताका लावलेल्या होड्या ओळीनं उभ्या होत्या, निळ्या, लाल, हिरव्या. पुतण्यानं आमच्या, म्हणजे त्याच्या, होडीला या वर्षी गर्द हिरवा दिला होता. आणि त्या हिरव्याच्या वर, काठाला, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत एक पट्टा होता. क्रीम. अख्ख्या किनाऱ्यावर तो रंग दुसऱ्या कुणाकडे नव्हता, असणारच कसा!

‘काय रे, श्रीखंड सांडलं का?’ कुणीतरी पुतण्याला ओरडून विचारलं आणि सगळे हसले.

‘काकांनी ऐकलंच नाही,’ पुतण्या कपाळाला हात लावून मला म्हणाला. ‘मी सांगत होतो, चांगला दिसणार नाही. तर म्हणाले, आमच्या घरचा आणि होडीचा रंग कधी वेगळा नव्हता, आता तरी कशाला?’

सायीचा तो पट्टा एका दमात ओढलेला होता, सांधा कुठेही दिसत नव्हता. मी साड्या बघाव्यात तसा बघून निवडलेला रंग होता तो, आणि भरती आली की समुद्रावर जाणार होता. मी पदर तोंडाला लावला आणि वारा आहे म्हणून डोळे पुसले. सासरे शेजारी येऊन उभे राहिले, समुद्राकडे तोंड करून.

‘बरा दिसतो ना?’ त्यांनी विचारलं.

रंगाऱ्याची मुलगी गप्प कशी बसेल? ‘पलीकडच्या बाजूला एक हात कमी पडलाय,’ मी म्हटलं.

‘डबाच संपला. उरला नाही.’

‘पुढच्या वर्षी मोठा डबा आणू,’ मी म्हटलं, आणि नारळ त्यांच्या हातात दिला.